कोंबडी लंगडतेय? आधी तिचा पाय हातात घ्या

मंडळी, १६ जूनला जाळी वर आली. आता १५ ऑगस्टपर्यंत मध्य प्रदेशात नदी-जलाशयातली मासेमारी बंद. नदीशी न जोडलेल्या लहान तळ्यांना ही बंदी लागू नसते, पण तशी तळी आपल्यापैकी किती जणांकडे आहेत? तिरल्यातल्या बऱ्याच घरांत या दोन महिन्यांत हातात पैसा येतो तो मजुरीचा, नाहीतर अंगणातल्या कोंबड्यांचा. अंडी दुकानात जातात, अडीनडीला एखादा कोंबडा बाजारात जातो. आणि नेमके याच दोन महिन्यांत कोंबड्यांचे पाय बिघडतात.

जूनच्या शेवटी शेजारच्या काकूंनी हाक मारली. "अरे, जरा बघ रे हिला. दोन दिवस झाले, एक पाय उचलूनच उभी असते." कडकनाथ होती, अंड्यावर असलेली. काकूंनी पाय बघून हळद लावून ठेवली होती. "दिसत तर काहीच नाही," असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही काही दिसलं नाही. पाय काळा, नखं काळी, तळवाही काळपट. पण दोन्ही पंजे एकाच वेळी दोन हातांत धरले तेव्हा डावा पंजा गरम लागला. मधलं बोट मुळापासून नखापर्यंत फुगलेलं, आणि मुळाशी कातडीत रुतलेलं काहीतरी बारीक, टणक, वळं घातल्यासारखं. तंगूस. आपल्याच जाळ्याचा तुकडा.

तंगूसाकडे येतोच. आधी या काळ्या पायाचं.

कडकनाथ ही झाबुआ, अलीराजपूर आणि आपला धार या पट्ट्यातली कोंबडी. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही तेव्हा हक्क सांगितला होता, पण मान झाबुआकडे गेला. या जातीची कातडी काळी, मांस काळं, आतले अवयवसुद्धा काळपट. या रंगालाच बाजारात भाव आहे. पाळणाऱ्याला मात्र त्याचा एक तोटा आहे, तो कोणी सांगत नाही. कोंबडीच्या पायाच्या दुखण्यावरची मोबाईलवरची बहुतेक माहिती पिवळ्या पायाच्या कोंबडीची असते. 'लाली आली का बघा, तळव्यावर काळी खपली दिसते का बघा.' अहो, काळ्या तळव्यावर काळी खपली दिसणार कशी? म्हणून कडकनाथ असेल तर नजरेवर भिस्त ठेवू नका, बोटांनी तपासा. कोंबडी दोन-दोन दिवस लंगडते आणि घरचे म्हणतात 'मुरगळलं असेल', ते याचमुळे. तोवर आतली जखम वाढत राहते.

तपासायची वेळ संध्याकाळची. कोंबड्या दांड्यावर बसल्या की शांत असतात, मागे पळावं लागत नाही. कोंबडी काखेत घ्या, पंख अंगाशी राहू द्या, पण छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. छातीचा पिंजरा हलला तरच तिचा श्वास चालतो. घट्ट धरून ठेवल्यामुळे हातातच मेलेली कोंबडी मी पाहिली आहे. दुसऱ्या माणसानं ओल्या फडक्यानं तळवा पुसायचा, मोबाईलची बत्ती लावायची आणि अंगठा हळूहळू फिरवायचा. चांगला तळवा रबरासारखा मऊ आणि सलग लागतो. खपली असेल तर काठ हाताला लागतो, खाली गोटीसारखं टणक लागतं, आणि दाबलं की कोंबडी पाय ओढते. मग बोटांच्या बेचक्या, मग पायाची नळी, मग वरचा सांधा, ज्याला आपण गुडघा म्हणतो. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या पायाशी ताडून बघा. गरम कुठला, जाड कुठला, ते लगेच कळतं.

आता तंगूस. मासेमारी बंद असली की आपण जाळी विणायला, सांधायला बसतो. अंगणातच बसतो. कापलेले तुकडे तिथंच पडतात आणि पावसात मातीत मिसळतात. कोंबडीचा सगळा दिवस पायानं माती उकरण्यात जातो. तुकडा बोटात अडकतो, ती पाय झटकते, त्यानं फास आणखी आवळतो. फासाच्या पुढचा भाग सुजतो, मग थंड पडतो, वाळतो आणि शेवटी बोट गळून पडतं. सूत निदान कुजतं तरी. नायलॉन कुजत नाही.

फास सापडला तर ओढायचा नाही. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा, म्हणजे मळ-खपली सुटते आणि धागा दिसतो. मग टोक बोथट असलेली बारीक कात्री किंवा नखं कापायचं यंत्र घेऊन धागा एका जागी कापायचा आणि चिमट्यानं उलगडत काढायचा. बहुतेक वेळा एकाखाली एक दोन-तीन वेढे असतात. एक निघाला की काम झालं असं समजू नका, पुन्हा बोट फिरवून बघा. कातडी धाग्यावरून वाढून आली असेल तर तिथं आपण कापाकापी करायची नाही, ते डॉक्टरचं काम. गळही तसाच. पायात रुतलेला गळ उलटा ओढला तर त्याचा काटा मांस फाडत येतो. आणि आमिष लावलेला गळ अंगणात सोडला तर कोंबडी तो गिळते, मग पायाचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं कारण माळव्याची काळी माती. पावसात ती कशी चिकटते हे तुम्हाला सांगायला नको, चपलेखाली चार बोटांचा थर येतो. कोंबडीच्या बोटांनाही तसाच गोळा चिकटतो. त्यात काड्या, पिसं, विष्ठा मिसळते आणि दोन दिवस ऊन पडलं की त्याचा दगड होतो. कोंबडी पायात गोटी बांधल्यासारखी चालते. असा गोळा हातोडीनं फोडायचा नाही, पकडीनं उपटायचा नाही. नखाची साल किंवा बोटाचं टोकच त्याच्याबरोबर निघून येतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, थोडा चुरा काढा, पुन्हा भिजवा. कंटाळवाणं काम आहे, घरातल्या पोरांना द्या. ती कौतुकानं करतात.

आणि तिसरं, सगळ्यात जास्त दिसणारं: तळव्याचं गळू. आपल्याकडे कोणी त्याला कुरूप म्हणतं, डॉक्टर मंडळी बंबलफूट म्हणतात. तळव्याला बारीकशी जखम होते. कधी काटा, काच, बाभळीची काडी, कधी खरबरीत दांडा, कधी उंचावरून कडक जमिनीवर मारलेली उडी. कडकनाथला उंच बसायची हौस, झाडावर चढते, छपरावर चढते, आणि सकाळी तिथून धपकन खाली. जखमेतून जंतू शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात, कोंबडीच्या आणि आपल्याही कातडीवर एरवी निमूट राहणारे. ओल्या, घाणेरड्या जमिनीवर त्यांना आयतं रान मिळतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, बरेच घोटाळे यातूनच होतात. आपल्या गळवातला पू पातळ असतो, दाबला की वाहतो. कोंबडीचा पू तसा नसतो. तो पनीरसारखा घट्ट होतो, गाठ होऊन बसतो. म्हणून कोंबडीचं गळू दाबून काही बाहेर येत नाही, उलट जंतू आत ढकलले जातात. व्हिडिओमध्ये लोक ब्लेडनं तळवा कापून आतला 'खडा' काढून दाखवतात. त्यातले काही जाणकार असतीलही. पण तळव्यात बोटं हलवणाऱ्या शिरा असतात, रक्तवाहिन्या असतात, आणि कोंबडी ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं नाही. बधिर न करता घरी कापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घरी काय करायचं? सूज बेताची आहे, खपली लहान आहे, कोंबडी खातेपिते आहे, तर हे करा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट टाका. औषधाच्या दुकानात मिळतं, जेवणाचं मीठ नव्हे. पाणी आपल्या मनगटाला सोसेल इतकंच गरम. त्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून धरा. डोक्यावर फडकं टाकलं की कोंबडी निवांत बसते. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. नंतर पाय कोरडा करा. खपली आपणहून सुटली तर सुटू द्या, नखानं उचकटू नका. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात काळ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम धुवा, वर साधं जंतुनाशक मलम लावा. दिवसातून दोनदा शेक, तीन-चार दिवस.

मलम निवडताना दोन गोष्टी जपा. दुखणं थांबवणारं औषध मिसळलेलं नको, म्हणजे नावाच्या शेवटी 'केन' असलेलं. लिग्नोकेन, बेंझोकेन यांची मात्रा पक्ष्याला चटकन जास्त होते. आणि घराघरात पडलेली ती खाज-गजकर्णाची ट्यूब तर मुळीच नको. तसल्या मिश्र मलमांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, त्यानं जखम भरायची लांबते.

जखम उघडी असेल तर पट्टी लागते. गॉझची चौकोनी घडी तळव्यावर ठेवायची, चिकटपट्टीची अरुंद फीत बोटांच्या बेचक्यांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत नळीपर्यंत न्यायची. घट्ट आवळायची नाही. दोन-तीन तासांनी बोटं चाचपून बघा. थंड लागली किंवा फुगली तर पट्टी लगेच सोडा. पट्टी रोज नाहीतर दिवसाआड बदलायची, ओली झाली तर त्याच क्षणी. त्या कोंबडीला कोरड्या जागी, डालग्याखाली किंवा खोक्यात वेगळी ठेवा, दाणा-पाणी जवळ द्या. बरं व्हायला आठवडे लागतात. चार दिवसांत फरक दिसत नाही, सूज नळीकडे चढते आहे, गुडघा जाड झाला आहे, खाणं सुटलं आहे, तर वाट बघू नका. जंतू हाडापर्यंत गेले की पाय वाचवणं अवघड होतं.

हे सगळं करताना आपल्या हाताचं काय? माशाचे काटे, कल्ले, तंगूस यांनी आपल्या बोटांना कायम चिरा असतात. ते जंतू चिरेतून आपल्यालाही लागतात. रबरी हातमोजे घाला, नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. पाय भिजवायचं घमेलं वेगळं ठेवा, मासे धुवायचं नको. नंतर साबणानं हात धुवा. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कोंबडीचं एवढं कोण करतं?" मी म्हटलं, "काकू, कोंबडीसाठी नाही, तुमच्यासाठी सांगतोय."

आता काय करू नये ते. डिझेल आणि जळकं ऑइल. आपल्याकडे इंजिनं आहेत म्हणून ते हाताशी असतं, आणि 'पायाला ऑइल फासा' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तो सल्ला मुळात वेगळ्या दुखण्यासाठी आहे, पायाच्या खरजेसाठी. नळीवरचे खवले उचलले जातात, खाली पांढरी भुकटी साठते, पाय जाड आणि खडबडीत दिसतो. डोळ्यांना न दिसणारा किडा खवल्यांखाली राहतो, त्यामुळे हे होतं. त्याचा श्वास कोंडायला डिझेल लागत नाही, खोबरेल किंवा व्हॅसलीन पुरतं. पाय कोमट साबणाच्या पाण्यानं जुन्या ब्रशनं हळू धुवा, कोरडा करा, नळीपासून बोटांपर्यंत जाड थर चोपडा, आठवड्यातून दोन-तीनदा, महिनाभर. एकीला झालं की खुराड्यातल्या सगळ्यांना करा आणि दांडेही धुवा. डिझेलनं कातडी भाजते आणि चोचीवाटे पोटात जातं. हळद-चुन्याचंही तेच. हळद बिघडवत नाही, चुना भाजतो. खुराड्यात चुन्याची भुकटी टाकली तर ती कोरड्या भुशात मिसळा. ओल्यावर टाकून लगेच कोंबड्या सोडल्या तर तळवे सोलतात.

एकाच कोंबडीचा एकच पाय सुजला तर बहुधा वर सांगितलेल्यातलं काहीतरी. पण चार-पाच कोंबड्या एकदम लंगडायला लागल्या, दोन्ही गुडघे सुजले, तळवे फुगले, तर ते जखमेचं नाही. मायकोप्लाझ्मासारखा सांध्यांचा संसर्ग असू शकतो, तो एकीकडून दुसरीला जातो. सूज काहीच नाही पण एक पाय पुढे, एक पाय मागे टाकून कोंबडी आडवी पडते, तर मरेकचा संशय घ्या. त्याला उपाय नाही, पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर लस हाच बंदोबस्त. लहान पिल्लांची बोटं आत मुठीसारखी वळत असतील तर खाण्यात बी-२ जीवनसत्त्व कमी पडतंय.

आणि पटापट मर सुरू झाली, डोकं-तुरा सुजला, तर पाय तपासायलाही कोंबडी हातात घेऊ नका. बर्ड फ्लूमध्ये नळीवर लाल-जांभळे रक्ताचे डाग येतात, पण कडकनाथच्या काळ्या नळीवर तेही दिसत नाहीत. हा आजार आपल्याला लांबचा नाही. भारतात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा सापडला २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथं काही लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदूरला कावळे मरू लागले आणि पाठोपाठ २०२१ च्या जानेवारीत झाबुआच्या एका कडकनाथ फार्ममध्ये विषाणू सापडला. महेंद्रसिंह धोनीनं रांचीच्या आपल्या फार्मसाठी दोन हजार कडकनाथ पिल्लं मागवल्याची बातमी तेव्हा ताजी होती, ती पिल्लं शेवटी २०२२ मध्ये गेली. मेलेली कोंबडी तळ्यात किंवा नाल्यात टाकू नका. जाळं टाकायला त्याच पाण्यात आपल्यालाच उतरायचं आहे.

पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२, तो फुकट लागतो, फिरती गाडी त्यावरूनच मागवायची. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड पाय असेल तर तिथवर जाता येतं. फोन करताना 'कोंबडी आजारी आहे' एवढंच सांगू नका. किती कोंबड्या, एक पाय की दोन, गरम आहे का, खपली आहे का, किती दिवस झाले, हे सांगा. फोटो काढणार असाल तर दोन्ही तळवे ओले करून शेजारी शेजारी धरा, उजेड बाजूनं पडू द्या. काळ्या पायाचा उंचवटा तिरप्या उजेडातच उठून दिसतो.

गोळ्यांचं मात्र दुकानदाराला विचारू नका. एका दुकानात मला पाय न बघताच पिण्याच्या पाण्यात टाकायची बाटली पुढे केली होती. अँटिबायोटिक कुठलं, किती दिवस, हे डॉक्टरनं ठरवायचं. आणि एक प्रश्न स्वतःहून विचारायचा: औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी-मांस खायचं नाही? तो आकडा कागदावर लिहून घ्या. ती अंडी शेजाऱ्यालाही देऊ नका आणि दुकानातही पाठवू नका. माळ्यावर जुनी बाटली असेल तर नाव वाचा. कोलिस्टिन असेल तर ते कोंबड्या-जनावरांसाठी केंद्र सरकारनं २०१९ मध्येच बंद केलं आहे.

खुराड्याचं थोडक्यात. दांडा गोल, गुळगुळीत, मनगटाएवढा जाड आणि गुडघ्याच्या उंचीच्या वर नको. खाली वीतभर भुसा, जेणेकरून उडी मऊ पडेल. सोयाबीनचा भुसा इकडे स्वस्त, पण त्यातली देठं टोचतात, चाळून घ्या. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, त्याच्याभोवतीच सगळ्यात जास्त चिखल होतो. खाण्यात हिरवा पाला हवा, शेवगा असेल तर उत्तम. त्यातल्या अ जीवनसत्त्वानं कातडी टिकते. उरलेली ताजी मासळी, आतडी थोडी शिजवून घाला, पण खारवलेली सुकी मासळी नको. त्या मिठानं कोंबड्या मरतात.

काकूंच्या कोंबडीच्या बोटातून तीन वेढे निघाले. सूज पाचव्या दिवशी उतरली. नखाकडचा तुकडा मात्र आधीच मेलेला होता, तो डॉक्टरांनी तसाच वाळू द्यायला सांगितला आणि तिसऱ्या आठवड्यात तो गळून पडला. आता ती नीट चालते, त्याच पायानं उकरते, परवा पुन्हा अंड्यावर आली. काकूंनी जाळं सांधायच्या खांबाला तेलाचा रिकामा डबा बांधला आहे, तंगूसाचे तुकडे त्यातच टाकायचे असा घरात हुकूम आहे. डबा आताच अर्धा भरलाय.